बाबांसाठी बटणं

३ फेब्रुवारी

आई,

बाबांना दिवसभरात सगळ्यात जास्त काय सांगावंसं वाटत असेल? गेले काही दिवस मी या प्रश्नाशी झटते आहे आणि मला उत्तर येत नाही. लिहायला लाज वाटते. सलूनमधल्या त्यांच्या खुर्चीमागे बसून मी पाढे पाठ केले, त्यांची बडबड ऐकत पदवीपर्यंत पोचले, आणि तरी त्यांच्या मनात काय चाललंय हे मला सांगता येत नाही.

फोन करत नाही त्याचं कारण तुला माहीत आहे. आपलं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. आपण फोनवर बोलायला लागलो की बाबा सगळं ऐकतात, आणि बोलणं त्यांच्याविषयी आहे हे कळलं की डोळे मिटून घेतात. त्यापेक्षा पत्र बरं.

तर, माझा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम. छापखान्यातून खोलीवर आले की मी त्याचा धडा उघडते. आमचे सर मला कधी भेटलेले नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचं डोकं दिसतं आणि त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरतो, एवढीच आमची ओळख. आजवर आम्ही लिहिले ते प्रोग्राम वरून खाली धावत सुटायचे आणि संपायचे. आता शिकतोय ते वेगळं आहे. पडद्यावर एक खिडकी उघडायची, तिच्यात बटणं मांडायची, आणि मग प्रोग्रामने गप्प राहून वाट बघायची. कुणी बटण दाबलं की त्याला नेमून दिलेलं काम करायचं आणि पुन्हा वाट बघत बसायचं. सर म्हणतात, चांगला प्रोग्राम माणसाला घाई करत नाही. मला हे फार आवडलं.

शेवटी एक प्रकल्प करायचा आहे: खऱ्या माणसाच्या खऱ्या अडचणीसाठी. बाकीचे लोक बेरीज-वजाबाकीची यंत्रं करताहेत. मी बाबांसाठी करणार आहे. मोठी मोठी बटणं, डाव्या हाताने दाबता येतील अशी. दाबलं की आवाज येईल: ‘मला अमुक हवं.’ अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा आवाज नेला, तो मी परत आणीन. हसू नकोस.

फक्त एवढंच सांग, बटणांवर काय लिहू?

तुझी,
ठकू


११ फेब्रुवारी

ठके,

हसले नाही. पण रडलेही नाही, तेव्हा फुशारकी नको.

यांना काय सांगावंसं वाटतं म्हणून मला विचारतेस? अगं, जेव्हा बोलत होते तेव्हा ऐकायला मला सवड कुठे होती! गिऱ्हाईक उठून गेलं तरी यांची गोष्ट संपायची नाही. मी म्हणायची, अहो, कात्री चालू द्या, जिभेला जरा विश्रांती द्या. आता कुणी ती जीभ परत आणून दिली तर सगळी कामं टाकून ऐकत बसेन. पण आता म्हणून काय उपयोग?

सध्या यांच्याकडे एकच शब्द आहे, तो तुलाही माहीत आहे: ‘हेच’. भूक लागली की हेच. पाठ दुखली की हेच. शेजारच्या काकू येऊन बसल्या की ‘हेच, हेच, हेच’, म्हणजे हिला घालव. मला सुरावरून कळतं. परक्याला नाही कळायचं.

बटणं सांगते. पाणी हवं. मोरीत जायचंय. पंखा. रेडिओ. पाठ दुखते. कूस बदलायची. आणि एक ‘काकू, आता घरी जा’ असं कर. ते मीच दाबत जाईन.

बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येतात. म्हणतात, समोर बसा, तोंडाकडे बघा, शब्द येईपर्यंत थांबा, तुम्ही त्यांचं वाक्य पुरं करू नका. बाईंचं बरोबर आहे. पण मी थांबते तोवर तिकडे दूध उतू जातं. तू ये आणि तुझी बटणं बसव. तेवढाच मला हातभार.

खोलीवर नीट जेवतेस ना? तुझ्या घरमालकिणीवर माझा विश्वास नाही.

आई


६ मार्च

आई,

परत पोचले. येताना गाडीभर मी एकटीच हसत होते, समोरच्या बाईने जागा बदलली.

बाबांनी पहिल्यांदा माउसवर डावा हात ठेवला, बाण पडद्यावर भरकटत भरकटत शेवटी बटणावर आला, आणि त्यांनी दाबलं! ‘मला पाणी हवं.’ त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत लॅपटॉपकडे. तू पेला घेऊन धावलीस. आई, माझ्या आयुष्यात मी केलेली ही पहिली उपयोगाची गोष्ट. पदवीसुद्धा इतकी खरी वाटली नव्हती.

सरांना प्रकल्पाचा पहिला खर्डा पाठवला. शाबासकी दिली, पण शेराही मारला. आवाज स्वच्छ नाही म्हणाले. खरंच आहे. मी स्वयंपाकघरात बोलून भरला तो. मागे तू भांडी आपटते आहेस, आणि ‘पाणी हवं’च्या शेवटी तर मला चक्क हसू फुटलंय, कारण तू मागून ‘काय बाई थाट’ म्हणालीस. सर म्हणतात, वापरणाऱ्याला ऐकताना अडचण होता कामा नये, यंत्राचा तयार आवाज वापरा, तो प्रत्येक वेळी सारखा येतो. ते मी करीन.

मला सविस्तर कळव. बाबा बटणं वापरतात का? कोणतं जास्त? काही चुकत असेल तर मोकळेपणाने सांग. वापरणाऱ्याचं ऐकल्याशिवाय प्रोग्राम सुधारत नाही, असं आमच्या धड्यातच आहे.

ठकू


१४ मार्च

ठके,

वापरतात म्हणजे काय! मी आता या घरचा पाणक्या झाले आहे.

डोळे उघडले की ‘मला पाणी हवं’. मी पेला भरते. दोन घोट घेतात, कधी तेही नाही. मी वळले की परत ‘मला पाणी हवं’. काल टेबलावर भरलेल्या पेल्यांची रांग लागली होती. काकू म्हणाल्या, ‘अहो, यांना साखरेचा आजार तर नाही ना झाला? तपासून घ्या.’ तपासलं. काही नाही. बाकीच्या बटणांना हात लावत नाहीत. पंखा हवा असला तर अजून ‘हेच’ म्हणून वर बघतात.

मला वाटतं माझी गंमत करतात. चेहरा असा साळसूद ठेवतात, गिऱ्हाइकाचे केस जास्त कापले गेले की ठेवायचे तसा.

पण तू काळजी करू नकोस. काम छान झालंय. मला सकाळची जरा मोकळीक मिळते. बाईसुद्धा ‘बरं आहे’ म्हणाल्या.

तुझ्या परीक्षेचं काय? यांच्यापायी अभ्यास मागे ठेवू नकोस. आपल्या घरात कागदावर नाव छापून येणारी तू एकटीच. छापखान्याचे मालक त्या परीक्षेनंतर तुला संगणकाच्या विभागात घेणार म्हणाले होते, ते घेणार आहेत ना?

आई


२३ मार्च

आई,

तुझं पत्र वाचून मला दोष लगेच कळला. चूक बाबांची नाही, माझी आहे.

पाण्याचं बटण मी सगळ्यात वर डावीकडे ठेवलंय आणि ते सगळ्यात मोठं आहे. डावा हात साहजिकच आधी तिथे जातो. म्हणून बाकीची बटणं राहून जातात. मी मांडणी बदलली. सगळी बटणं सारख्या आकाराची केली, पाणी खालच्या ओळीत नेलं. आणि एक सोय केली: पाणी एकदा मागितलं की ते बटण थोडा वेळ फिकट होईल आणि दाबलं जाणार नाही. म्हणजे तुझी धावपळ वाचेल. आवाजही बदलला. आता भांडी नाहीत, हसणं नाही. यंत्राचा आवाज आहे, अगदी स्वच्छ.

नवी प्रत काकूंच्या सुनेकडे पाठवली आहे, ती बसवून देईल.

खरं तर मी स्वतः येणार होते. रजा मिळाली होती. पण प्रकल्पाबरोबर त्याचं चित्रीकरण आणि माहितीपत्रक द्यायचं होतं, रजा त्यातच गेली. तू समजून घेशील. प्रकल्प मंजूर झाला, आई! सर म्हणाले, हा पुढच्या वर्गाला नमुना म्हणून दाखवण्यासारखा आहे. लेखी परीक्षा जूनमध्ये आहे, केंद्र आपल्या घरापासून बसने जवळ पडेल. ती चुकली तर मात्र सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून करावा लागतो.

नवी बटणं कशी वाटली ते बाबांना विचार. म्हणजे, दाबून दाखवायला सांग.

ठकू


२ मे

ठकू,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. काय लिहू ते सुचत नव्हतं. आज लिहिते. मन घट्ट करून वाच.

सुनेने नवं बसवून दिलं त्या दिवशी यांनी पाण्याचं बटण शोधून काढलं. दाबलं. ती बाई बोलली, यंत्रातली. यांनी लॅपटॉपच्या मागे वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. परत दाबायला गेले तर बटण पुसट झालेलं. दाबत राहिले. काही होईना. मग माउस सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून हात लावला नाही.

तेव्हा मला कळलं ग. पाणी नको होतं त्यांना. तुझा आवाज होता तिथे, शेवटी तू हसलीस तो. दिवसभर तू घरात असायचीस. मला आधी कळायला हवं होतं, मी पेले भरत बसले.

आणखी एक. मी तुला सांगितलं नाही ते सांगते. तू बटणं बसवलीस त्याच्या पुढच्या आठवड्यापासून मी कारखान्याच्या कँटीनमध्ये सकाळपाळीला जायला लागले. म्हटलं, काही लागलं तर बटण दाबतील, काकू भिंतीपलीकडे आहेतच. पाणी मागतात ते मी घरी असेन तेव्हा मागतात असं मी तुला लिहिलं, पण सकाळभर एकटेच दाबत बसायचे, काकू सांगतात. पेला द्यायला कुणी नसायचं. समोर बसून शब्दाची वाट बघायची, ते तर सुटूनच गेलं. बाई विचारायच्या, सराव करता ना? मी म्हणायची, करतो. त्यांनी ‘बरं आहे’ म्हटलं ते माझ्या खोटं बोलण्याला.

परवा त्या चिडल्या. म्हणाल्या, यंत्र वाईट नाही, पण त्यांच्यासमोर माणूस हवं, आणि हे पहिले महिने परत मिळत नाहीत.

आता ‘हेच’सुद्धा म्हणत नाहीत.

तू इतकी आनंदात होतीस म्हणून लिहवेना.

आई


६ मे

आई,

तुझं पत्र मी छापखान्यात, कागदाच्या गठ्ठ्यांमागे उभी राहून वाचलं. मग पुन्हा जागेवर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत काय काम केलं ते मला आठवत नाही.

तू स्वतःला बोल लावू नकोस. तू कँटीनमध्ये गेलीस, कारण मी तुला सांगितलं होतं की आता बाबांना आवाज मिळाला. मी ते इतक्या खात्रीने सांगितलं होतं.

जुना आवाज शोधला. तो मी पुसून टाकलाय. प्रकल्प द्यायच्या आधी फोल्डर नीटनेटका हवा म्हणून जे जे नको होतं ते काढलं, त्यात गेला. सरांकडच्या खर्ड्यावर आणि घरच्या लॅपटॉपवरही नवी प्रत चढली, तिथेही तो उरला नाही. मग नव्याने बोलून बघितलं. ‘मला पाणी हवं.’ शेवटी हसले. ऐकलं तर कुणीतरी हसण्याचं काम करतंय असं वाटलं. ते पाठवायची हिंमत होत नाही.

आई, वापरणाऱ्याचं ऐका असं धड्यात होतं आणि मी ते तुला शिकवत होते. बाबा दिवसभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. मी त्यावर बटण फिकट केलं.

मी येते आहे. परीक्षेपर्यंतची रजा घेतली आहे, अभ्यास तिथेच करीन. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलत होतीस ना? मावशीकडे जा आणि करून घे. बाबांसमोर मी बसते.

ठकू


३० मे

ठके,

हे पत्र मावशी लिहिते आहे, मी सांगते आहे. डोळ्यावर पट्टी आहे. ऑपरेशन नीट झालं. (तुझी आई रुग्ण म्हणून अत्यंत वाईट आहे. पट्टीखालून बघायचा प्रयत्न करते. – मावशी)

तुझा फोन आला तेव्हा तू ‘ठीक आहे’ म्हणालीस, ते मी ओळखलं. बाबा शेजारी होते म्हणून तसं म्हणालीस. काही होत नाहीये ना? नसेल होत. तू बसतेस समोर हेच पुष्कळ.

आता परीक्षेचं. ही माझी आज्ञा समज. त्या दिवशी सकाळी काकू येऊन बसतील, मी त्यांना सांगून ठेवलंय. तू बसमध्ये बसायचंस आणि परीक्षेला जायचंस. एक सकाळ. मी कितीतरी सकाळी गेले, तू एक गेलीस तर आभाळ कोसळत नाही. तुझ्या बाबांना वाचा असती तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. (मलाही तेच वाटतं. आणि पेन दोन ने. – मावशी)

तू परीक्षा दिलीस तर मला वाटेल की यातलं काहीतरी वाचलं. नाहीतर सगळंच गेलं ग.

आई


११ जून

आई,

मावशी, हे तूच वाचून दाखवणार आहेस. मध्ये थांबू नकोस आणि आपलं काही घालू नकोस.

मी रोज बाबांसमोर बसले. बाईंनी सांगितलं तसं, खुर्चीला खुर्ची लावून, त्यांच्या तोंडाकडे बघत. ते माझ्या गुडघ्यांकडे बघायचे. लॅपटॉप मी कपाटात ठेवून दिला. एकदा बाईंना विचारलं, फेब्रुवारीपासून असं बसलो असतो तर? त्या म्हणाल्या, असा हिशेब कुणी मांडू शकत नाही आणि मांडूही नये. पण हे सांगताना त्या पिशवी आवरत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. मी ते लक्षात ठेवणार आहे. मला विसरायचंही नाही.

काल सकाळी काकू वेळेवर आल्या. पिशवी भरलेली, दोन पेनं घेतलेली. बाबांना मी खुर्चीत बसवलं आणि त्यांच्यापुढे स्टूल ओढून, भिंतीवरच्या आरशात बघत केस विंचरायला लागले. घाईत होते, कंगवा अडकला, मी ‘आई ग’ म्हणाले. आरशात बघते तर बाबा उठून उभे राहत होते. खुर्चीच्या हाताला धरून, हळूहळू. काकू ओरडल्या, ‘अहो, पडाल!’ मी म्हणाले, ‘काकू, राहू द्या.’

ते माझ्या मागे येऊन उभे राहिले, पोट माझ्या पाठीला टेकवून. त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातातला कंगवा घेतला आणि आरशात माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. इतके दिवस मी त्यांच्या अगदी तोंडासमोर बसत होते. आई, बाबा कधी कुणाच्या समोर उभं राहून बोलले होते का? गिऱ्हाईक आरशात, हे मागे. आयुष्यभर ते माणसांशी असेच बोलले. मला हे माहीत होतं. मला हे कसं सुचलं नाही?

मी वळायला गेले. त्यांनी कंगव्याची बाजू माझ्या कानावर टेकवली, लहानपणी टेकवायचे तशी. ओठ हलले. पहिलं अक्षर ‘ह’ आलं, मला वाटलं ‘हेच’. मी त्यांच्यासाठी ते पुरं करणार होते, जीभ दातांत धरली.

‘हलू नको,’ ते म्हणाले.

अस्पष्ट, जाड, पण दोन्ही शब्द. काकूंनी पदर तोंडाला लावला, आणि मग त्यांच्याच्याने राहवेना: ‘अग बाई, बोलले की ग! पण तुझी बस!’ मी आरशातून हात केला, गप्प बसा म्हणून. बाबांनी सबंध केस विंचरले. डाव्या हाताने, एकेक बट धरून. नंतर भांग पाडायला गेले, तो वाकडा आला, तो मोडून परत पाडला. बसचा भोंगा कोपऱ्यावर वाजला आणि पुढे गेला. काकूंनी खुणेने रिक्षा विचारली. मी मान हलवणार होते, पण नाही हलवली.

आता खरं ते सगळं सांगते, कारण लपवून काय झालं ते आपण पाहिलं. दुपारी मी पुन्हा आरशापुढे बसले. कंगवा दिला. काही आलं नाही. आज सकाळी ‘हेच’ आलं, एकदा. बाई म्हणाल्या, ते दोन शब्द त्यांच्या हातातून आले, वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्यावर फार आशा बांधू नका. मी बांधत नाही. पण आरशापुढचं स्टूल आणि खुर्ची तिथेच ठेवायला त्यांनी सांगितलंय.

तू म्हणशील, केस विंचरून झाल्यावर तरी जायचंस, उशिरा आत घेतलं असतं. कदाचित घेतलं असतं. तू म्हणाली होतीस, परीक्षा दिलीस तर यातलं काहीतरी वाचलं असं वाटेल. ते वाक्य रात्रभर माझ्या डोक्यात होतं आणि तरी मी हे केलं. तू रागावणार, आणि तुझा राग खरा आहे. कदाचित मी पुन्हा एकदा माझ्याच मनाने ठरवलं की बाबांना काय हवंय. ते मला कळत नाही.

छापखान्याला कळवलं की या महिन्यात येत नाही. सरांना लिहिलं, माझा प्रकल्प पुढच्या वर्गाला दाखवू नका, आणि का ते चार ओळींत लिहिलं. अभ्यासक्रमाच्या यादीतून माझं नावही काढायला सांगितलं.

परीक्षा काल झाली, आई. मी गेले नाही.

ठकू